परदेशातल्या कंपनीत प्रशिक्षणार्थी पाठवायचे तर: कामाची यादी आधी, तिकीट नंतर

व्यवसाय शिक्षण देणाऱ्या संस्थेत परदेशी प्लेसमेंटचा, म्हणजे मुलांना काही आठवडे तिकडच्या कंपनीत काम शिकायला पाठवण्याचा, विषय निघाला की बैठकीतला पहिला तास विमान आणि राहण्याची सोय यातच जातो. हे दोन्ही प्रश्न पैसे मोजले की सुटतात. पैशाने न सुटणारा प्रश्न वेगळाच असतो: पोचल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेसात वाजता, त्या मुलाच्या हातात नेमकं कोणतं काम असेल आणि ते त्याला कोण दाखवेल? याचं उत्तर आधी लिहून ठेवलेलं नसेल तर तीन आठवडे झाडू मारण्यात आणि चहाच्या खोलीत बसण्यात जातात. म्हणून इथे सगळा क्रम त्या कामाच्या यादीभोवती लावला आहे.

नियम आणि आकडे युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या शिक्षण-प्रशिक्षणासाठी परदेशी जायला निधी देणाऱ्या कार्यक्रमाचे, म्हणजे २०२१–२७ या सत्रातले घेतले आहेत. व्यवसाय शिक्षणातल्या देवाणघेवाणीची इतक्या बारकाईने बांधलेली चौकट दुसरीकडे क्वचितच दिसते. तुम्ही दुसऱ्या योजनेतून जात असाल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

अर्ज कोणत्या खिडकीवर

इरॅस्मस प्लसमध्ये युरोपीय संघाचे २७ देश आणि त्यांच्याशी जोडलेले आइसलँड, नॉर्वे, लिश्टेनस्टाइन, तुर्कस्तान, सर्बिया व उत्तर मॅसिडोनिया असे मिळून ३३ देश पूर्ण सहभागी आहेत. अर्ज या ३३ पैकी आपल्या देशातल्या राष्ट्रीय संस्थेकडे, म्हणजे तिथे हा कार्यक्रम चालवणाऱ्या कार्यालयाकडे, करायचा. त्याला दोन वाटा आहेत.

पहिल्यांदाच जाणाऱ्या संस्थेसाठी छोटा प्रकल्प असतो, त्याचा संकेतांक केए १२२. यात जास्तीत जास्त ३० जण पाठवता येतात, प्रकल्पाचा काळ ६ ते १८ महिने आणि पाच वर्षांत असे तीनच प्रकल्प मिळू शकतात. दुसरी वाट मान्यतेची. केए १२० खाली एकदा मान्यता मिळाली की दरवर्षी केए १२१ मधून निधी मागता येतो आणि प्रत्येक वेळी नव्याने प्रस्ताव लिहावा लागत नाही. निधीच्या अर्जाची मुदत साधारणतः फेब्रुवारीत येते, मान्यतेच्या अर्जाची सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. आमचं मत असं की पहिल्या वर्षी ३० ची मर्यादा वापरूच नये. आठ विद्यार्थी, दोन शिक्षक, एकच ट्रेड, एकच शहर एवढं पुरे. एका वेळी चार देशांत चार ट्रेड पाठवणाऱ्या संस्थेतला समन्वयक जूनपर्यंत थकलेला असतो आणि कागद अर्धवट असतात.

विद्यार्थ्याचा अल्पकालीन मुक्काम १० ते ८९ दिवसांचा, प्रवासाचे दिवस सोडून. त्याहून मोठा, ९० ते ३६५ दिवसांचा, इरॅस्मस प्रो या नावाने वेगळा धरतात. अपंगत्व, गरिबी अशा कारणांनी ज्यांना संधी कमी मिळते त्यांच्यासाठी अल्पकालीन मुक्काम २ दिवसांपासूनही चालतो. कोर्स संपलेल्यांना १२ महिन्यांच्या आत जाता येतं, आणि हे बऱ्याच संस्थांच्या लक्षातच येत नाही. दहा दिवस नियमात बसतात खरे, पण त्यांचा उपयोग थोडा. पहिले तीन दिवस लॉकर, बसचा रस्ता आणि माणसांची नावं समजण्यात जातात. जमत असेल तर तीन आठवड्यांखाली जाऊ नका.

कामाची यादी कशी लिहायची

तीन आठवडे म्हणजे कामाचे १५ दिवस. त्यातले दोन सुरक्षेची माहिती आणि कंपनी दाखवण्यात जातात, शेवटचा एक मूल्यमापनात. हातात राहिले १२. एका कामाला सरासरी दोन दिवस धरले तर सहा कामं बसतात. यादीत १८ कामं दिसली तर ती अभ्यासक्रमातून जशीच्या तशी उतरवलेली आहे असं खुशाल समजा. कंपनीतल्या कोणीही ती वाचलेली नसते.

एक ओळ जवळून बघू. बहुतेक करारनाम्यांत ‘वेल्डिंगचा प्रत्यक्ष अनुभव घेणे’ असं लिहिलेलं असतं. यावरून मेंटरला, म्हणजे कंपनीत मुलाला काम शिकवणाऱ्या माणसाला, कोणत्या गॅसचं सिलिंडर उघडायचं, कोणती प्लेट कापायची हे काहीच कळत नाही. तीच ओळ अशी लिहा: ‘प्रक्रिया १३५, साधं पोलाद, प्लेट ६ मिमी, पीबी स्थितीत फिलेट, थ्रोट ४ मिमी, पाच जॉब; तपासणी डोळ्यांनी व गेजने, आयएसओ ५८१७ ची सी पातळी.’ इथे १३५ म्हणजे भरीव तारेची मॅग वेल्डिंग, हा क्रमांक आयएसओ ४०६३ मधला. पीबी म्हणजे टी जोड आडव्यात, हे आयएसओ ६९४७ मधलं. फिलेट म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड, थ्रोट म्हणजे त्या वेल्डची जाडी, आणि आयएसओ ५८१७ मध्ये वेल्डमधले दोष किती चालतील याच्या पातळ्या आहेत. ही ओळ पोर्तुगालच्या वर्कशॉपमधल्या फोरमनला जशी कळेल तशीच फिनलंडच्या. भाषांतर करावं लागत नाही, आणि मूल्यमापनाच्या दिवशी भांडण होत नाही, कारण थ्रोट ४ मिमी भरला की नाही हे गेज सांगतो.

सगळ्या ट्रेडना अशी तयार आंतरराष्ट्रीय भाषा नसते. मग कामाचं नाव, वस्तू, संख्या आणि ‘बरोबर झालं’ हे कशावरून ठरवायचं, या चार गोष्टी लिहा. स्वयंपाकघरासाठी: ‘४० ताटांची भाजी चिरणं, ठरलेल्या मापाने, ९० मिनिटांत, चिरलेल्या मालावर तारखेची चिठ्ठी.’ केशकर्तनात प्रत्यक्ष ग्राहकाच्या डोक्याला हात लावू देणार की फक्त डमी, हे आधी विचारा. पुष्कळ सलॉन लावू देत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

प्रत्येक कामासमोर चार खणांची पट्टी ठेवा: पाहिलं, मदतीने केलं, देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. मेंटरने फक्त खूण करायची. ‘उत्तम, चांगला, साधारण’ अशा शेऱ्यांचा उपयोग नसतो. परक्या मुलाला ‘साधारण’ लिहायला कोणाचाही हात धजत नाही, त्यामुळे सगळेच उत्तम निघतात.

काही कामं कायद्यानेच अडलेली असतात, ती यादीत टाकून मेंटरला पेचात पकडू नका. फ्लोरिनयुक्त वायू असलेल्या शीतकरण यंत्रणेचं सर्किट उघडायला युरोपीय संघात प्रमाणपत्र लागतं, म्हणून रेफ्रिजरेशनचा विद्यार्थी गॅस भरण्याचं काम प्रमाणपत्रधारकाच्या डोळ्यांसमोरच करू शकतो. चालू विजेवर काम कोणत्याही प्रशिक्षणार्थ्याच्या यादीत नको.

कंपनी शोधताना

सर्वांत भरवशाचा रस्ता तिकडच्या व्यवसाय शाळेमार्फत जातो. तिचे स्वतःचे विद्यार्थी त्या कंपन्यांत वर्षभर जात असतात, त्यामुळे कोणता मेंटर शिकवतो आणि कोणता नुसता सही करतो हे तिला ठाऊक असतं. मध्यस्थ संस्था पैसे घेऊन राहणं, बस पास आणि कंपनी अशी सगळी सोय लावतात. त्यांच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही, पण करारात एक अट घाला: जाण्याच्या आठ आठवडे आधी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावासमोर कंपनीचं नाव, पत्ता आणि मेंटरचं नाव आलं पाहिजे. ‘पोचल्यावर कळवू’ असं उत्तर आलं तर कंपनी अजून मिळालेलीच नाही असा त्याचा अर्थ. थेट कंपनीला पत्र लिहून जागा मिळते, पण आजारपण, हरवलेला पासपोर्ट, घरमालकाशी वाद अशा वेळी धावून येणारं तिकडे कोणी नसतं.

आकाराबद्दल: पाच ते पंचवीस माणसांची कंपनी सहसा बरी पडते. मोठ्या कारखान्यात गेटपास आणि सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण यात दिवस जातात आणि मुलगा एकाच स्टेशनवर अडकतो. अगदी दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक बाहेर गेला की शिकवायला कोणी उरत नाही.

व्हिडिओ कॉलवर मेंटरशी बोला, मनुष्यबळ विभागाशी नव्हे. एकच प्रश्न पुरतो: ‘उद्या सकाळी आमचा विद्यार्थी आला तर तो पहिल्यांदा कुठे उभा राहील?’ ज्याने विचार केलेला आहे तो मशीनचं नाव सांगतो. ज्याने नाही तो कंपनीचा इतिहास सांगतो. त्याच कॉलमध्ये मेंटर रजेवर गेला तर दुसरा कोण, हेही विचारून घ्या. इरॅस्मस प्लसमध्ये विद्यार्थी पाठवण्याआधी पाहणी दौऱ्यासाठीही निधी मिळतो, एका दौऱ्याला तीन जणांपर्यंत. त्यातला एक जण त्या ट्रेडचा निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा शिक्षकच, असावा. प्राचार्य आणि समन्वयक दोघेच गेले तर सभागृहाचे फोटो येतात, मशीनची माहिती येत नाही.

तारखा ठरवताना तिकडची सुट्टी बघा. स्वीडन आणि फिनलंडमध्ये जुलैत अनेक कारखाने बंद असतात. इटलीत १५ ऑगस्टच्या आगेमागे तेच. हॉटेल व्यवसायात उलट: हंगामाच्या ऐन भरात शिकवायला वेळ नसतो आणि हंगाम संपल्यावर काम नसतं, म्हणून हंगाम सुरू होण्याआधीचे तीन आठवडे सर्वांत चांगले.

निवड आणि तयारी

निवडीचे निकष आधी लिहून भिंतीवर लावा. गुण हा त्यातला एकच निकष असू द्या. हजेरी, वर्कशॉपमधली शिस्त, निदेशकाचं लेखी मत आणि दहा मिनिटांची मुलाखत यांनाही वजन द्या. दर दहा जणांमागे दोन राखीव नावं ठेवा आणि त्यांनाही पूर्ण तयारी द्या. शेवटच्या महिन्यात कोणीतरी गळतंच: नोकरी लागते, घरी आजारपण येतं, कधी पासपोर्टची मुदत संपलेली निघते. तिकिटं काढण्याआधी प्रत्येक पासपोर्ट किंवा ओळखपत्र हातात घेऊन मुदत तपासा आणि नाव अक्षर न् अक्षर उतरवा. तिकिटावरचं नाव बदलणं महाग पडतं आणि काही विमान कंपन्या ते बदलतच नाहीत.

भाषेची तयारी म्हणजे व्याकरणाचा कोर्स नव्हे. कार्यक्रमाचा ऑनलाइन भाषा मंच आहे, तो जरूर वापरा, पण त्याने वर्कशॉपमधले शब्द येत नाहीत. ट्रेडची ४० नावं आणि दहा वाक्यं यजमान भाषेत पाठ करून घ्या. त्या दहांत ही चार असलीच पाहिजेत: ‘थांबा’, ‘वीज बंद आहे का?’, ‘मला समजलं नाही, पुन्हा दाखवा’, ‘मला लागलंय’. स्वयंपाकाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सक्तीची धरा. युरोपीय संघाच्या अन्नमाहिती नियमात १४ ॲलर्जीकारक घटक ठरवून दिले आहेत: ग्लूटेन असलेली धान्यं, अंडी, मासे, शेंगदाणे, दूध, तीळ, मोहरी वगैरे. ही चौदा नावं यजमान भाषेत ओळखता आली नाहीत तर त्या मुलाला भांड्यांपलीकडे कोणी जाऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सर्वांत मोठा धोका ‘हो’ या शब्दाचा. न समजताही मान डोलावणारा प्रशिक्षणार्थी मशीनवर उभा करणं कोणालाही नको असतं. म्हणून तयारीच्या वर्गातच सवय लावा: सूचना ऐकली की ती स्वतःच्या मोडक्यातोडक्या शब्दांत परत सांगायची, मगच हात लावायचा.

इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत तारांच्या रंगांवर एक तास वेगळा घ्या. युरोपात ठरलेली पद्धत अशी: तपकिरी, काळी आणि राखाडी या तीन फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. ज्याच्या देशात काळी तार न्यूट्रल असते त्याचा हात सवयीने काळ्या तारेकडे जातो, आणि ती इथे फेज असते. जुन्या इमारतींत रंग आणखी वेगळे सापडतात. त्यामुळे रंगावर न जाता टेस्टरने तपासूनच हात लावायचा, हे शिकवूनच पाठवा.

बूट. ही बाब कोणी यादीत घेत नाही. बांधकाम, धातूकाम, वाहनदुरुस्ती यांसाठी सहसा एन आयएसओ २०३४५ चे एस ३ वर्गाचे सेफ्टी शूज लागतात: पुढे टोपी, खिळा न घुसणारा तळ, वरचा भाग पाण्याला तोंड देणारा. हातमोजे आणि चष्मा कंपनी देऊ शकते, बूट मात्र मुलाचे स्वतःचे आणि किमान दोन आठवडे वापरलेले हवेत. नवे बूट घालून गेलेल्या मुलाच्या टाचेला दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि तिसऱ्या दिवशी तो साधे बूट घालून येतो. मग त्याला आत घेत नाहीत.

वय, विमा, व्हिसा

१८ वर्षांखालच्यांसाठी युरोपीय संघाचा १९९४ चा निर्देश आहे, क्रमांक ९४/३३. १५ ते १८ वयोगटात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास ही कमाल मर्यादा, आणि कामाशी जोडलेल्या प्रशिक्षणाचा वेळही त्यातच मोजायचा. साडेचार तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान ३० मिनिटांची सुट्टी. रात्रपाळी साधारणतः बंद. प्रत्येक देशाचा कायदा याहून कडक असू शकतो. बेकरीत पहाटे तीनला काम सुरू होतं, म्हणून १७ वर्षांच्या बेकरी विद्यार्थ्यासाठी हा मुद्दा सही करण्याआधीच सोडवावा लागतो, नाहीतर तो पोचल्यावर बेकरीवाला त्याला दुपारी दुकान सांभाळायला बसवतो. अल्पवयीनांसाठी पालकांची लेखी संमती, उपचारांची संमती आणि राहत्या घरात जबाबदार प्रौढ व्यक्तीचं नाव, हे तिन्ही कागद यजमान भाषेतही तयार ठेवा.

विम्याबाबत गैरसमज फार. युरोपीय आरोग्य विमा कार्ड हे फक्त सरकारी व्यवस्थेतल्या, वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या उपचारांपुरतं असतं, तेही स्थानिक नागरिकाला जे पैसे भरावे लागतात ते भरून. खासगी रुग्णालय, मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि विद्यार्थ्याने कंपनीचं केलेलं नुकसान यांतलं काहीही त्यात नाही. म्हणून वेगळा विमा घ्या आणि पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: अपघात (तोही कामाच्या ठिकाणचा), तिसऱ्या पक्षाची जबाबदारी (म्हणजे विद्यार्थ्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान), आणि मृत्यू किंवा गंभीर आजारात परत आणण्याचा खर्च. साध्या पर्यटन विम्यात ‘शारीरिक श्रमाचं काम वगळून’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. नेमका तिथेच दावा अडतो. जबाबदारीच्या कलमात वापरात असलेली हत्यारं व मशीन समाविष्ट आहेत का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

युरोपीय संघाबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांसाठी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, अल्पमुक्कामाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. पण व्हिसा मिळाला म्हणजे कंपनीत काम शिकायची परवानगी मिळाली असं नाही. ती प्रत्येक देश आपल्या कायद्याने देतो, आणि वकिलातीला ‘प्रशिक्षण’ हा शब्द सांगायचा राहिला तर अडचण विमानतळावर येते. तीन महिन्यांहून मोठ्या मुक्कामाला दीर्घमुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. संघाच्या नागरिकांनाही तीन महिन्यांनंतर स्थानिक नोंदणी करावी लागू शकते.

शेवटी त्रिपक्षीय करारनामा: विद्यार्थी, पाठवणारी संस्था, घेणारी कंपनी. त्यात कामाची यादी, रोजचे तास, मेंटर व त्याचा पर्यायी, सुरक्षा साहित्य कोण देणार, विमा कोणाचा, भत्ता किंवा जेवण मिळणार का आणि मुक्काम मध्येच थांबवायची वेळ आली तर कोणी कोणाला कळवायचं, एवढं हवं. कामाची यादी शेवटचं जोडपत्र म्हणून मागे टाकू नका. ती पहिल्या पानावर असू द्या, कारण मेंटर तेवढंच पान वाचतो.

पैशाचं गणित

निधी मुख्यतः एककांवर, म्हणजे बिलांऐवजी ठरलेल्या दरांवर, मोजतात. प्रवासाची रक्कम एका बाजूच्या सरळ अंतरावरून ठरते आणि त्याच रकमेत जाणं-येणं दोन्ही धरलेलं असतं. अंतर कार्यक्रमाच्या अधिकृत गणकानेच काढायचं, नकाशावरच्या रस्त्याने नाही. टप्पे १० ते ९९ किमी, १०० ते ४९९, ५०० ते १९९९ असे वर चढत जातात. ४९० किमी निघालं तर ते १०० च्या टप्प्यातच राहतं, चिडून उपयोग नाही.

राहण्याखाण्याचा दर यजमान देशाप्रमाणे. चौदाव्या दिवसापर्यंत पूर्ण, पंधराव्यापासून ७० टक्के. समजा तुमच्या राष्ट्रीय संस्थेने दिवसाचा दर ५० युरो ठरवला आहे आणि मुक्काम २१ दिवसांचा आहे. चौदा दिवसांचे ७००, पुढच्या सात दिवसांचे ३५ च्या दराने २४५, एकूण ९४५ युरो. नवे समन्वयक २१ गुणिले ५० करून १,०५० धरतात आणि प्रत्येक मुलामागे १०५ युरोची तूट शेवटी बाहेर येते. अपंग सहभागींच्या जादा गरजांचा खर्च मात्र प्रत्यक्ष बिलांवर मिळतो. तो मागायला लाजू नका, पण बिल जपून ठेवा.

विद्यार्थ्याच्या हातात थोडे पैसे निघण्याआधीच द्या. खोलीची अनामत, पहिल्या आठवड्याचा पास आणि किराणा हे सगळं पहिल्या दोन दिवसांत लागतं.

तिथे असताना

खोली पाहताना अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. शिफ्ट सहाला असेल तर पाच वाजताची बस आहे का, रविवारी आहे का, हे वेळापत्रकात बघा. पोचल्याच्या दिवशी सोबतच्या शिक्षकाने प्रत्येक मुलाला कंपनीच्या दारापर्यंत एकदा चालवून आणायचं. ११२ हा युरोपभरचा आपत्कालीन क्रमांक आणि तिकडच्या शाळेतल्या जबाबदार व्यक्तीचा नंबर मोबाइलमध्येही हवा आणि कागदावरही. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

फोन कधी करायचा हे ठरवून ठेवा: पहिल्या दिवशी संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, पहिला आठवडा संपताना आणि मग आठवड्यातून एकदा. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत नाजूक. नवेपणा ओसरलेला असतो आणि भाषेने डोकं जड झालेलं असतं. ‘मला परत यायचंय’ असा फोन याच दिवसांत येतो. त्यावर लगेच तिकीट शोधू नका. ‘शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा बोलू’ म्हणा आणि तिकडच्या शाळेला आजच कळवा. अपमान, छळ किंवा धोक्याचं काम याची तक्रार असेल तर मात्र शुक्रवारपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी मुलाला तिथून बाहेर काढायचं, चौकशी मागून.

रोज पाच ओळींची नोंद: कोणतं काम, कोणतं हत्यार किंवा मशीन, किती नग, काय बिघडलं, कोणता नवा शब्द. निबंध मागितलात तर तिसऱ्या दिवसापासून कोणी लिहीत नाही. या नोंदीचा खरा उपयोग असा की यादीतलं एकही काम तीन दिवस लागोपाठ दिसलं नाही तर ते तुमच्या लक्षात येतं. अशा वेळी कंपनीला थेट तक्रारीचं पत्र पाठवू नका. तिकडच्या शाळेमार्फत मेंटरला यादी पुन्हा दाखवा आणि पुढच्या दोन दिवसांसाठी एकच काम मागा. बहुतेकदा मेंटर विसरलेला असतो, किंवा ऑर्डर बदललेली असते आणि ते काम सध्या वर्कशॉपमध्ये नसतंच. मग यादी बदला आणि बदलावर तिघांच्या सह्या घ्या. न बदललेल्या यादीवर शेवटी खोट्या खुणा होतात, त्यापेक्षा हे बरं.

शिक्षकांसाठी

शिक्षकांसाठी तीन प्रकार: कामाचं निरीक्षण २ ते ६० दिवस, अध्यापन किंवा प्रशिक्षण देणं २ ते ३६५ दिवस आणि कोर्स २ ते ३० दिवस. कोर्स सर्वांत सोपा आणि आमच्या मते सर्वांत कमी उपयोगाचा. निदेशकाने आठवडाभर कंपनीत मेंटरशेजारी उभं राहणं हा खरा फायदा, आणि ते विद्यार्थी जाण्याच्या दोन-तीन महिने आधी झालं तर कामाची यादी तोच लिहून आणतो. निरीक्षणाला जाताना विषय एकच घ्या: जिग (जॉब जागेवर धरून ठेवणारं साधन) कसा बसवतात, किंवा नापास जॉबची नोंद कशी ठेवतात. ‘तिकडची शिक्षणपद्धती समजून घेणे’ असा विषय घेतला तर परत येताना फक्त स्लाइड्स येतात.

संघातल्या देशात नोकरीत असलेला शिक्षक कामानिमित्त दुसऱ्या सदस्य देशात जातो तेव्हा सामाजिक सुरक्षेचं ए १ प्रमाणपत्र, म्हणजे तो कोणत्या देशाच्या सामाजिक विम्यात आहे याचा पुरावा, सोबत हवं. ते निघण्याआधी मागवायचं असतं. त्याच्या मागे तास कोण घेणार हे वेळापत्रकात लिहिल्याशिवाय मंजुरी देऊ नका, कारण सहकाऱ्यांची नाराजी तिथूनच सुरू होते. उलट दिशेचा पर्यायही आहे. तिकडच्या कंपनीतला तंत्रज्ञ २ ते ६० दिवसांसाठी निमंत्रित तज्ज्ञ म्हणून आपल्या वर्कशॉपमध्ये बोलावता येतो. एका माणसाच्या प्रवासात सगळी तुकडी शिकते, तरी हा मार्ग फार थोड्या संस्था वापरतात.

परत आल्यावर

युरोपास मोबिलिटी या दस्तऐवजात मुलाने केलेली कामं, वापरलेली साधनं आणि मिळवलेली कौशल्यं नोंदवतात, आणि पाठवणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. त्याचा मसुदा शेवटच्या आठवड्यात, मेंटर समोर असतानाच भरा. महिन्याने पाठवलेल्या ईमेलला उत्तर येत नाही. कामाची यादी नीट लिहिलेली असेल तर यातला बराचसा मजकूर तिथूनच उचलता येतो.

सहभागी अहवालाची मागणी विद्यार्थ्याला आपोआप ईमेलने जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. परतल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांना संगणक खोलीत बसवून तो भरून घ्या. प्रत्येक मुक्कामाच्या तारखा कार्यक्रमाच्या ऑनलाइन प्रणालीत दर महिन्याला टाका. प्रकल्प संपल्यावर अंतिम अहवालाला ६० दिवस मिळतात आणि दीड वर्षाच्या नोंदी त्या ६० दिवसांत आठवून लिहिता येत नाहीत. हजेरीवरच्या तारखा, बोर्डिंग पास आणि प्रमाणपत्रावरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते पाहा. एका दिवसाचा फरकही निधीतून कापला जाऊ शकतो.

गुण आणि तास आपल्या अभ्यासक्रमात धरायचे की नाही, हा निर्णय मुलगा जाण्याआधीच लेखी झालेला असावा. परत आल्यावर ‘ही तीन आठवड्यांची प्रात्यक्षिकं पुन्हा कर’ असं सांगितलं, तर पुढच्या वर्षी चांगली मुलं अर्जच करत नाहीत. निदेशकाला शंका असेल तर त्याला तपासायचा पूर्ण हक्क आहे: यादीतलं एक काम निवडा, तीच ६ मिमीची प्लेट, तीच पीबी स्थिती, आणि मुलाला आपल्या वर्कशॉपमध्ये निदेशकासमोर एक जॉब करू द्या. गेजने मोजा, आकडा मेंटरच्या पत्रकाशेजारी लिहा. त्या पानाची एक प्रत, पुढच्या वर्षीच्या संभाव्य तारखांसह, तिकडच्या मेंटरला पाठवा.